कौसल्येची पहिली आवृत्ती

खोटी नोट माझ्या बोटांना कळते, अशी माझी ख्याती होती. ती मीच पसरवली होती; पण चौतीस वर्षं माणूस एकच गोष्ट सांगत राहिला की लोक कंटाळून मान्य करतात. राष्ट्रीयीकृत बँकेच्या कॅश काउंटरवर बसून मी नोटेतला धागा, जलचिन्ह, गव्हर्नरची सही, क्रमांकाची ठेवण यांचा एवढा अभ्यास केला, की लग्नातलं आहेराचं पाकीटसुद्धा माझ्या हातात आलं की आधी उजेडाकडे धरलं जायचं. एकदा सौ.ने चिरंजीवांचं प्रगतिपुस्तक सहीसाठी माझ्यापुढे ठेवलं. मी मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का बारकाईने तपासून ते परत केलं. पोरगं गणितात नापास झालंय हे मला आठ दिवसांनी शेजाऱ्यांकडून कळलं.

निवृत्तीनंतर या विद्येला काही काम उरलं नाही. भाजीवाल्याने दिलेली दहाची नोट भिंगातून पाहणं हा उद्योग घरच्यांना बघवेना. अशात डिसेंबर २०२१ मध्ये बातमी आली, की अमेरिकेतल्या एका लिलावात हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाची एक प्रत ४ लाख ७१ हजार डॉलरना गेली. म्हणजे आपले साडेतीन कोटी. मी बातमी तीनदा वाचली, तिसऱ्यांदा चष्मा पुसून.

भाच्याने फोनवर जास्तीची माहिती पुरवली. १९९७ साली ब्लूम्सबरी या लंडनच्या प्रकाशकाने त्या कादंबरीच्या पहिल्या छपाईत पक्क्या बांधणीच्या प्रती फक्त ५०० काढल्या होत्या आणि त्यातल्याही बऱ्याचशा वाचनालयांत गेल्या होत्या. ओळखायच्या खुणा ठरलेल्या. नावाच्या पानाच्या पाठीमागे १० पासून १ पर्यंत उतरती आकड्यांची ओळ, तिथेच लेखिकेचं नाव ‘जोआन रोलिंग’ असं, आणि ५३व्या पानावर शाळेच्या सामानाच्या यादीत एक जादूची कांडी चुकून दोनदा लिहिलेली.

मी फोन ठेवला आणि बराच वेळ भिंतीकडे बघत बसलो. एकदा माझ्या हातून एकच चेक दोनदा नोंदला गेला होता, तेव्हा मला मेमो मिळाला होता. इथे कांडी दोनदा नोंदली गेली तर साडेतीन कोटी! आणि ही सगळी तपासणी म्हणजे तरी काय? छापील कागद, क्रमांक, चुका, सह्या. हे तर माझंच खातं. उगाच कॅशमध्ये आयुष्य घालवलं.

हॅरी पॉटर आमच्याकडे सापडणार नाही एवढी अक्कल मला होती. मराठीत काय शोधावं, हे विचारायला मी आमच्या औरंगाबादेतल्या समर्थनगरला सरांकडे गेलो. सर मराठीचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या घरात पुस्तकं राहतात आणि उरलेल्या जागेत सर. ते म्हणाले, “पहिल्यापासूनच धरायचं तर बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, १८५७. पण ती तुम्हाला रस्त्यावर मिळेल अशी आशा धरू नका. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९, माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५, खांडेकरांची ‘ययाति’ १९५९, आपल्या बोराडे सरांची ‘पाचोळा’ १९७१. आणि ‘कोसला’. नेमाडे, १९६३. तिची पहिली आवृत्ती कुणी दाखवली तर मीसुद्धा उठून उभा राहीन.”

सरांचे गुडघे पाहता ही मोठीच गोष्ट होती.

‘कोसला’ माझ्या मनात भरली त्याला कारण होतं. पंचविशीतल्या माणसाने खानदेशातल्या आपल्या गावी बसून लिहिलेली ही कादंबरी. पण तिचा लेखक पुढे कितीतरी वर्षं आमच्याच गावात शिकवत होता. तेव्हा मी हिशोब मांडला. ज्या गावात नेमाडे राहिले, त्या गावात नेमाड्यांचे विद्यार्थी असणार; विद्यार्थ्यांकडे ‘कोसला’ असणार; आता ते विद्यार्थी म्हातारे झाले असणार; आणि त्यांच्या सुना घर आवरत असणार. म्हणजे माल रद्दीत येणार. बँकेत यालाच कर्जवसुलीचा अंदाज म्हणत, आणि तोही असाच बरोबर यायचा.

आमच्याकडे रविवारी जाफरगेटला आठवडी बाजार भरतो. भाजीपाल्यापासून जुन्या कुकरच्या झाकणापर्यंत जे माणसाला नको झालं आणि जे माणसाला हवं आहे, ते सगळं तिथे एका सतरंजीवर नांदतं. पाच रविवार मी तिथे गेलो. पाच रविवारांत मला गाइडं, बारावीचं जीवशास्त्र, एका साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल आणि एक कमरेचा पट्टा मिळाला. सहाव्या रविवारी रिमोट, इस्त्र्या आणि नळाच्या तोट्या यांच्यामध्ये, मिक्सरच्या भांड्याखाली, ‘कोसला’ दिसली.

मी खाली बसलो. पान उलटलं. ‘पहिली आवृत्ती : १९६३’. कानशिलं गरम झाली. पण बँकेतला माणूस चेहऱ्यावर शिल्लक दाखवत नाही. मी पुस्तक बेफिकीर ठेवून दिलं आणि कुकरचं झाकण उचललं. झाकणाची किंमत विचारली. इस्त्रीची विचारली. नळाची तोटी फिरवून पाहिली. मधूनच पुस्तकाकडे एक नजर. असा अर्धा तास अभिनय झाल्यावर विक्रेता म्हणाला, “चाचा, आधे घंटे से वोइच किताब देख रहे. लेना है तो लो ना, कायको शरमा रहे?”

त्याने साठ रुपये सांगितले. संशय नको म्हणून मी मिक्सरचं भांडंही दीडशेला घेतलं. ते आमच्या मिक्सरला बसत नाही. कुणाच्याच मिक्सरला बसत नाही. मी पाचशेची नोट दिली, तर त्या माणसाने ती दोन्ही हातांनी ताणून सूर्याकडे धरली, उलटी केली, पुन्हा धरली आणि मग सुटे दिले. चौतीस वर्षांत ही वेळ माझ्यावर कुणी आणली नव्हती.

संध्याकाळी सरांकडे पेढे घेऊनच गेलो. पुस्तक पुढे ठेवलं. सर काही उठून उभे राहिले नाहीत.

“प्रकाशक कोण आहे?” त्यांनी विचारलं.

“पॉप्युलर प्रकाशन.”

“पत्ता वाचा.”

मी वाचला. शेवटी होतं, मुंबई ४०० ०३४.

“हा सहा आकडी पिनकोड आपल्या देशात कधी आला?”

“१५ ऑगस्ट १९७२,” मी ताडकन् सांगितलं. बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षेची तयारी करताना पाठ केलेलं होतं ते. उत्तर बरोबर आल्याचा आनंद साधारण तीन सेकंद टिकला.

“मग १९६३ च्या पुस्तकाला १९७२ चा पिनकोड कसा लागला?” सर म्हणाले. “आणि पहिली आवृत्ती काढली होती ती पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने. पॉप्युलरकडे ती नंतर आली. प्रकाशक पहिल्या आवृत्तीचं साल पुढच्या छपाईतही ठेवतात, ते इतिहास म्हणून. त्याच्याखाली बघा काय आहे.”

त्याच्याखाली पुनर्मुद्रणांच्या सालांची रांगच्या रांग होती. ती बाजारात मला दिसली नाही, कारण तिच्यावर माझा अंगठा होता. नोट मोजताना धरतो तसा.

“वाचलीत का पण?” सरांनी पेढा उचलत विचारलं.

“आताच तर वाचलं ना सगळं पान.”

“पान नाही हो. कादंबरी.”

मी विषय बदलला. ती प्रत घरी टीव्हीवर पडून राहिली आणि दोन दिवसांनी तिथून नाहीशी झाली. ती सौ.च्या उशाशी गेली होती.

त्या दिवसापासून सरांनी माझी शिकवणी घेतली. फी म्हणजे गुलमंडीवरची इम्रती, आणि तीही सरांच्या साखरेच्या गोळीनंतर, गुपचूप. मला जे कळलं ते सांगतो, कारण विद्या खरी आहे. विद्यार्थ्यात खोट होती.

‘आवृत्ती’ हा मराठीतला फार भोंगळ शब्द आहे. मजकुरात फेरबदल झाला तर नवी आवृत्ती आणि तोच मजकूर पुन्हा छापला तर पुनर्मुद्रण, असा नियम; पण पुष्कळ प्रकाशक एक स्वल्पविराम न हलवता दहाव्यांदा छापतात आणि वर अभिमानाने ‘दहावी आवृत्ती’ लिहितात. संग्राहकाला पहिली आवृत्ती म्हणजे पहिली छपाईच हवी असते. त्यासाठी नावाच्या पानामागचं पान वकिलासारखं उलटतपासणी करत वाचायचं. प्रकाशकाचा पत्ता ‘पुणे २’, ‘मुंबई ४’ असा आटोपशीर असेल तर बरं लक्षण. मात्र पिनकोड नाही म्हणजे पुस्तक १९७२ पूर्वीचंच असंही नव्हे, कारण पुष्कळांनी तो अंगवळणी पडायला वेळ घेतला. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा १९५७ च्या आधीचं. ‘नवे पैसे’ असतील तर १ एप्रिल १९५७ ते १ जून १९६४ यांच्यामधलं, कारण त्यानंतर पैसे जुने झाले नाहीत तरी ‘नवे’ राहिले नाहीत. ‘घरें’, ‘त्यानें’ असे डोक्यावर टिंब घेतलेले शब्द दिसले तर बहुधा १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची जुळणी. पानाच्या मागून बोट फिरवलं आणि अक्षरं किंचित टोचली, तर ते शिशाच्या खिळ्यांनी छापलेलं. गुळगुळीत लागलं तर ऑफसेट.

हे शेवटचं मला फार आवडलं. अखेर बोटांना काम मिळालं होतं. पुढचा महिनाभर मी ज्याच्या घरी जाईन त्याची पुस्तकं डोळे मिटून कुरवाळत असे. दोन घरांत मला चहा मिळायचा बंद झाला.

चुकांच्या बाबतीत मात्र माझी निराशा झाली. पाश्चात्त्य लोकांचं या बाबतीत बरं आहे. फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ १९२५ ची पहिली छपाई आहे का हे बघायला ते एका पानावरची एक ठरावीक चूक शोधतात. ती असली की प्रत अस्सल, कारण पुढच्या छपाईत कुणीतरी ती दुरुस्त केलेली असते. मी मोठ्या आशेने मराठी पुस्तकांतल्या चुका टिपायला घेतल्या. पहिल्या आवृत्तीत एक चूक सापडली. तीच दुसऱ्या आवृत्तीत. तीच आठव्या आवृत्तीत, आणि आता तिला एक धाकटी बहीणही झाली होती. मराठीत मुद्रणदोष ही पहिल्या आवृत्तीची खूण नसून घराण्याची परंपरा आहे.

तेवढ्यात मला १८८१ सालची कादंबरी सापडली.

औरंगपुऱ्यात एका जुन्या पुस्तकांच्या ढिगात ती होती. लेखक माहितीतला नाही, कथानक एका विधवा शिक्षिकेचं, आणि मागच्या पानावर स्पष्ट ‘प्रथमावृत्ती १८८१’. मी घाम पुसला. हरी नारायण आपट्यांच्याही आधीची कादंबरी माझ्या हातात! चाळीस रुपये मोजून रिक्षाने घरी आलो (स्कूटरवर इतिहास पडला तर?), सौ.ला बातमी दिली, मुलाला पुण्याला फोन केला, भाच्याला फोटो पाठवला आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर ‘आपल्या घराण्यात एक अनमोल ठेवा’ असा मजकूर टाकला. बत्तीस जणांनी हात जोडले.

रात्री सौ. पुस्तक चाळत होती. म्हणाली, “अहो, ही बाई पान बारावर रेडिओवर बातम्या ऐकतेय.”

मी पुस्तक हिसकावलं. ‘१८८१’ च्या आधी, फिकट पडलेल्या शाईत, ‘शके’ असा शब्द होता. शके १८८१. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, की १९५९. आणि शेजारीच किंमत होती, साडेतीन रुपये, तीही ‘३ रु. ५० न. पै.’ अशी. हे ‘न. पै.’ म्हणजे कुठल्यातरी पैठणच्या प्रेसचं नाव असावं असं मी गृहीत धरलं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर नाणी मोजली, त्याला नवे पैसे ओळखता आले नाहीत. गटावर मी काही खुलासा केला नाही. आजही एक आतेभाऊ लग्नकार्यात भेटला की त्या अनमोल ठेव्याची चौकशी करतो आणि मी जेवणाच्या पंगतीकडे सरकतो.

असे दोन फटके खाल्ल्यावर माणूस सावध होतो. मी अति सावध झालो. भाच्याने अमेरिकेतून येताना मला खूश करायला तिकडच्या जुन्या बाजारातून एक जाडजूड इंग्रजी कादंबरी आणली. प्रकाशक रँडम हाउस. त्यात ‘फर्स्ट एडिशन’ असे शब्द होते, पण खाली आकड्यांच्या ओळीत सगळ्यात लहान आकडा २. एक कुठेच नाही. मी भाच्याला जवळ बसवलं. म्हटलं, “राजा, तुला फसवलंय. पहिली म्हणतात आणि छपाई दुसरी. हे शब्द जे आहेत ना, ते इतिहास म्हणून ठेवतात.” सरांचंच वाक्य मी माझ्या आवाजात म्हटलं. भाचा हिरमुसला. पुस्तक मी पुढच्या रविवारी जाफरगेटला त्या मिक्सरवाल्याला तीस रुपयांना देऊन टाकलं आणि त्या तिसाचं कोथिंबीर-आलं आणलं.

आठवड्याने सर म्हणाले, “रँडम हाउसची पद्धत जगावेगळी. त्यांच्या पहिल्या छपाईला ‘फर्स्ट एडिशन’ असे शब्द असायचे आणि आकडे २ पासून सुरू व्हायचे. दुसरी छपाई आली की ते फक्त शब्द काढून टाकत. म्हणजे १ चं काम शब्द करायचे.” मी मान हलवली. ही माहिती मला आधीपासून असल्यासारखी हलवली. भाच्याला हा लेख दाखवू नये, ही विनंती.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. इथवर जे झालं ते पैशांत मोजलं तर चारशे रुपयांचंही नुकसान नव्हतं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सौ.च्या थोरल्या काकांचं जुन्या गावातलं घर रिकामं करायचं ठरलं. काका शाळामास्तर होते. जाऊन दहा वर्षं झाली होती. माळ्यावर लोखंडी पेटी होती. तिच्यात वर्तमानपत्रं, शिक्षक संघटनेच्या पावत्या, निजामाच्या हाली सिक्क्याच्या काळातले कसलेसे हिशोब आणि खाली तळाशी पुस्तकं. मी सवयीने एकेक उघडत होतो. आता अपेक्षा राहिली नव्हती, त्यामुळे अंगठाही जागेवर होता.

‘कोसला’. देशमुख आणि कंपनी, पुणे. १९६३. पत्त्याला पिनकोड नाही. खाली पुनर्मुद्रणांची रांग नाही. काहीच नाही, नुसता कोरा कागद. मी पान उलटून मागून बोट फिरवलं. टोचलं. पहिल्या कोऱ्या पानाच्या अगदी वरच्या कडेला काकांचं वळणदार अक्षर : त्यांचं नाव, ‘औरंगाबाद’ आणि तारीख ३-११-६४.

या वेळी मी कुणाला फोन केला नाही. पुस्तक टॉवेलात गुंडाळून थेट समर्थनगर. सरांनी ते टॉवेलातून काढलं, भिंग लावलं, वास घेतला, मागची बाजू बघितली, पुन्हा पुढची बघितली. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते हळूहळू उठून उभे राहिले.

माझ्या आयुष्यातला तो सर्वोच्च क्षण. बँकेत सेवेचं चांदीचं नाणं मिळालं तेव्हाही मॅनेजर बसूनच होते.

“मुखपृष्ठ कडेला फाटलंय,” सर म्हणाले, “पाठ सुटलीय, दोन फर्मे लोंबतायत. चालेल. अगदी चालेल. आता माझं एक ऐका. याला काहीही करू नका. चिकटपट्टी नाही, डिंक नाही, प्लॅस्टिकचं कव्हर नाही. ॲसिड नसलेल्या कागदात गुंडाळा, तो नसला तर धुतलेल्या मऊ सुती कापडात, आणि कपाटात आडवं ठेवून द्या. समजलं?”

“समजलं.”

“काय समजलं?”

“याची नीट काळजी घ्यायची.”

सरांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं होतं, हे मला आज आठवतं.

मी बँकेचा माणूस. आमच्याकडे रोजची व्हाउचरं रोज शिवली जात. सुटा कागद म्हणजे भानगड, शिवलेला कागद म्हणजे पुरावा, हे माझ्या हाडात मुरलेलं. साडेतीन कोटी नाही, पण सरांना उभं करणारी वस्तू, आणि तिचे दोन फर्मे लोंबत आहेत, पाठ सुटली आहे, मुखपृष्ठ फाटलं आहे. हे बघून मला झोप लागेना. मी काळजी घ्यायचं ठरवलं. आमच्या शाखेची रजिस्टरं ज्याच्याकडे बांधायला जायची, त्या बाइंडरकडे डिसेंबरात गेलो. त्याने बांधलेलं १९९१ चं लेजर अजून रेकॉर्ड रूममध्ये उभं आहे. छत गळलं, पण लेजर हललं नाही.

“एक नंबर काम पाहिजे,” मी म्हटलं. “पैशांकडे बघू नका.”

“साहेब, तुमचं काम म्हटल्यावर जुजबंदी करतो. खळीत मोरचूद टाकतो, वाळवी पन्नास वर्षं फिरकत नाही. रेक्झीन कोणतं देऊ?”

मी मरून सांगितलं. आमच्या लेजरचा रंग.

चार दिवसांनी मी पुस्तक आणायला गेलो. बाइंडरने ते कागदात गुंडाळून दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसं दिलं. उघडलं. वीट असते ना, तसं चौकोनी, मरून, कडक, सोनेरी रेघा मारलेलं काहीतरी हातात होतं. उघडायला दोन हात लागत होते आणि सोडलं की आपोआप फाटकन् मिटत होतं.

“आधीचं कव्हर?” मी विचारलं.

“ते फाटकं? काढून टाकलं ना साहेब. तसं घाण दिसत होतं.”

“कुठे टाकलं?”

त्याने कोपऱ्यातल्या शेगडीकडे पाहिलं. शेगडीवर खळ शिजत होती.

मी पहिलं पान उघडलं. कडा कशा सरळ, कोऱ्या करकरीत नोटांच्या बंडलासारख्या. तिन्ही बाजूंनी मशीनखाली घालून पाव-पाव इंच उडवलेल्या. वरच्या कडेला काकांच्या अक्षरांचे फक्त खालचे अर्धे भाग उरले होते. काकांचं नाव तर्काने लावता येत होतं. तारीख गेली होती. ‘औरंगाबाद’चे नुसते पाय शिल्लक होते. शहराचं नाव बदलून छत्रपती संभाजीनगर करायला पुढे २०२३ साल उजाडलं. आमच्या बाइंडरने त्याच्या आधीच ते एका झटक्यात कापून टाकलं होतं, कसलीही अधिसूचना न काढता.

आणि नावाच्या पानामागचं ते पान, ज्याच्यासाठी मी वर्षभर गावातली पुस्तकं कुरवाळली, ज्यावर देशमुख आणि कंपनी होती, १९६३ होतं आणि पिनकोड नव्हता? नावाचं पान जरा सुटं झालं होतं, म्हणून त्याने मजबुतीसाठी त्याच्या पाठीला जाड पांढरा कागद डकवला होता. सगळं पान भरून. मोरचूद घातलेल्या खळीने. वाळवी पन्नास वर्षं फिरकणार नाही, मीही नाही.

“कसं टाइट झालंय ना?” बाइंडर म्हणाला. बिचाऱ्याचा काय दोष? मी सांगितलं तेच त्याने केलं, आणि खरंच एक नंबर केलं. मी दोनशे ऐंशी रुपये दिले. पावती घेतली. सवय.

घरी आल्यावर पाठीवरची सोनेरी अक्षरं नीट वाचली. मी चिठ्ठीवर नाव लिहून दिलं होतं. माझं अक्षर चेकवर सही करणाऱ्यांच्या पंथातलं. त्याने समजून उमजून दुरुस्त केलं होतं. पाठीवर ठळक छापलं होतं : ‘कौसल्या’. खाली माझं नाव, लेखकाच्या जागी.

सरांना हे कसं सांगावं यावर आठवडाभर विचार केला. शेवटी पुस्तक घेऊनच गेलो. त्यांनी ते बराच वेळ हातात धरलं. उघडायचा प्रयत्न केला, ते मिटलं. ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी एवढंच सांगितलं, की ‘द ग्रेट गॅट्सबी’च्या पहिल्या छपाईची प्रत मूळ वेष्टणासकट असेल तर नुसत्या पुस्तकाच्या कितीतरी पट किमतीला जाते. “म्हणजे लोक पैसे मोजतात ते त्या कागदाचे,” ते म्हणाले, “जो तुमच्याकडे शेगडीत गेला.” इम्रतीला त्यांनी हात लावला नाही. गोळी घेतली नव्हती म्हणाले.

मधल्या काळात घरात भलतंच होऊन बसलं होतं. साठ रुपयांची पिनकोडवाली ‘कोसला’ सौ.ने वाचून संपवली होती आणि पुन्हा सुरू केली होती. होस्टेलच्या मेसचा भाग वाचताना ती स्वयंपाकघरात एकटीच हसायची. कादंबरीतल्या पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीने जाते तिथवर आली, त्या संध्याकाळी तिने दिवा लावला नाही, कुकरही लावला नाही, आणि मी काही विचारलं नाही. हल्ली ती बोलताना मधेच ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ म्हणते. परवा मला म्हणाली, “अहो, तुम्ही उदाहरणार्थ पीठ दळून आणणार होता वगैरे.” ज्यांनी कादंबरी वाचली आहे ते हसतील. मला ते हसू समजायला शेवटी तिच्याकडून ती प्रत मागून घ्यावी लागली. सध्या पान ८८ वर आहे. चांगली आहे.

मरून प्रत मात्र देवघराशेजारच्या फळीवर, रामविजय आणि हरिविजय यांच्या मधे उभी आहे. कामाच्या मावशींनी पाठीवरचं नाव वाचून तिची जागा ठरवली आणि रामनवमीला तिला हळदकुंकूही लागलं. आम्ही हलवली नाही.

एक विनंती आहे. १९६३ च्या ‘कोसला’चं मूळ मुखपृष्ठ कुणाकडे सुटं पडलेलं असेल, फाटकं असलं तरी चालेल, तर कृपया शेगडीत घालण्यापूर्वी कळवावं. आतलं पुस्तक नसलं तरी हरकत नाही. पुस्तक आमच्याकडे आहे.